फूटरेस्टचं माप

११ डिसेंबर, बुधवार. रजा टाकली होती. मोटरसायकल गॅरेजात नेऊन तिचे फूटरेस्ट दोन इंच खाली आणि इंचभर पुढे घ्यायचे होते. काम दोन तासांचं. दिवस गेला, कारण मध्ये पुरुषांची मतं आली.

मी शिरपूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लस टोचणं, अडलेली गाय सोडवणं, असली कामं. माझ्याकडची गावं सातपुड्याच्या पायथ्याची, आणि तिथला रस्ता म्हणजे नाल्यातले गोटे. स्कूटीची लहान चाकं त्यात अडकतात, म्हणून मी मोटरसायकल चालवते. मला तिचा शौक नाही. शौक असलेले लोक चहाच्या टपरीवर बसून मला सल्ले देतात.

मी उंच आहे. गाडी माझ्यापेक्षा बुटक्या माणसाचा विचार करून बनवलेली. त्यामुळे गुडघा पार दुमडून बसावं लागतं आणि तासाभराने तो आखडतो. नोव्हेंबरात ऐन बाजाराच्या दिवशी गाडी थांबवली, पाय टेकवायला गेले, तर गुडघा सरळच होईना. गाडी, मी आणि लशीची पेटी, तिघी आडव्या. उचलायला दोघं आले, व्हिडिओ काढायला बरेच. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत आमच्या साहेबांच्या फोनवर पोचला.

"मॅडम, आता वय झालं," साहेब म्हणाले. "ऑफिसात बसा. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांच्या नोंदी ऑनलाइन भरायच्यात. पंख्याखालचं काम."

"गाडी नीट करून घेते, साहेब."

"घ्या. पण पुन्हा पडलात तर तुमची गावं त्या नव्याला देईन."

तो नवा म्हणजे फोनवरून म्हशीचा ताप बघणारा. "नाक कोरडं आहे का?" विचारतो आणि औषधाचं नाव सांगून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडच्या एका गावात चांगली दुभती गाय गेली, तर म्हणाला, रेंज नव्हती. माझी गावं याच्या हातात द्यायची आणि मी पंख्याखाली बिल्ले मोजत बसायचं, हे मला मान्य नव्हतं.

त्या बुधवारच्या आधी एकदा धुळ्याला जाऊन आले. गाड्या नटवून देणारं एक दुकान तिथे नावाजलेलं आहे. भिंतीवर लाल-निळे चकचकीत फूटरेस्ट बांगड्यांसारखे टांगलेले. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का, मॅडम?" माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने मला खालून वर पाहिलं आणि जो जोड काढला तो पाय आणखी मागे, आणखी वर नेणारा.

"असं वाकून बसलं की हवा कापली जाते."

"मला गाय गाठायची आहे, हवा नाही कापायची."

"मग स्कूटी घ्या ना," तो म्हणाला आणि फोनमध्ये शिरला. त्याच्याच दारात तसल्या गाड्यांवरून दोन तरुण उतरले, दोघेही कंबर धरून. एवढा खर्च करून दुखणं विकत घेणारी जमात दुसरी पाहिली नाही.

शेवटी शिरपूरच्याच मिस्त्रीला काम सांगितलं. आमच्या गाडीला इंजिनाखालून एक आडवा दांडा जातो, त्याच्या दोन टोकांना फूटरेस्ट. तो दांडा खोलायचा, मध्ये भोकं पाडलेल्या जाड लोखंडी पट्ट्या घालायच्या आणि हव्या त्या भोकात बोल्ट आवळायचे. मिस्त्रीला समजलं. पण त्या बुधवारी जळगावहून माझे दीर आले. नवरा वरणगावला नोकरीला, रविवारी घरी येतो. त्याने फोनवर सांगितलं, "भाऊ येतोय तर येऊ दे, त्याला गाड्यांतलं कळतं." कळतं म्हणजे आजवर तीन गाड्या घेतल्या आणि तिन्ही रडत विकल्या.

पट्ट्या तयार होईपर्यंत मी मेडिकलमधून गुडघ्याचा पट्टा आणायला गेले. परत आले तर काम संपलेलं, मिस्त्री हात पुसतोय आणि दीर गाडीवर राजासारखे बसलेले.

"बसा वहिनी. एकदम सोफा झालाय."

मी बसले. गुडघा होता तिथेच, उलट थोडा मागे. खाली वाकून पाहिलं, तर बोल्ट सगळ्यांत वरच्या भोकात.

"हे कोणाच्या मापाने लावलंत?"

मिस्त्रीने दिरांकडे बघितलं. दीर म्हणाले, "माझ्या. खालच्या भोकात माझे पाय लोंबकळत होते."

दीर माझ्या खांद्याला लागतात.

"गाडी मी चालवते, भाऊजी."

"हो, पण माप कसं घेणार? भर रस्त्यावर, चार लोकांसमोर, मिस्त्री तुमच्या पायाला टेप लावणार का? मी घरचाच माणूस ना!"

मिस्त्री मान हलवत होता. बाकावर तंबाखू मळत बसलेल्या आबांनी त्याला जोड दिली, "खरं शे. बाईमाणूसना पायनं माप कोठे लेतस का?"

म्हणजे अडचण ही होती. मी दोन इंच खाली असं स्वच्छ सांगितलं होतं, पण बाईने सांगितलेले इंच मोजायचे नसतात, आणि बाईचा पाय तर नाहीच नाही. मग घरातला एखादा पुरुष बसवायचा, कुठलाही, आणि त्याचंच माप तिचं समजायचं. यांनी बायकांच्या चपलाही अशाच आणल्या असतील, आपला पाय घालून.

"आबा, तुमच्या बैलाला नाल ठोकायचे तर पाय कुणाचा बघता? गड्याचा?"

आबा तंबाखू मळायचे थांबले. "बैलनाच," म्हणाले आणि खो-खो हसले. "ले बेटा, तूच ले माप."

मिस्त्रीच्या हातातून टेप घेतला. त्याला पुढचं चाक धरायला लावलं, दिरांना मागचं. गाडीवर नीट बसले, पाय अधांतरी मला हवे तसे ठेवले, आणि तळपायापासून फूटरेस्टच्या रबरापर्यंतचं अंतर स्वतः वाकून मोजलं. दोन इंचांना धागाभर जास्त. रस्त्यावरून जाणारे वळून बघत होते. दिरांनी चाक धरून तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर टायरची जाहिरात होती, ती त्यांनी पाठ केली असावी.

"खालचं भोक," मी मिस्त्रीला सांगितलं. "पुढचं."

"वळणावर घासाई जाई, ताई."

"वळणावर हळू जाईन. आणि ब्रेकही खाली घे."

"ब्रेकची सवय होऊन जाते."

फूटरेस्ट खाली गेला आणि ब्रेक जुन्याच जागी राहिला, तर प्रत्येक वेळी पाय उचलून ब्रेक मारायचा. समोर शेळी आली की सवय होईपर्यंत शेळी संपते. मी हललेच नाही. शेवटी त्याने नट फिरवून ब्रेक खाली घेतला, मागचा दिवा लागतो का पाहिलं, गिअरचा दांडाही एक दात खाली बसवला. हे करताना त्याचं तोंड असं, जणू मी त्याच्याकडून विहीर खणून घेत होते.

दीर जेवणावर म्हणाले, "शेवटी आपण करून घेतलं बरोबर." मी त्यांना आणखी भाकरी वाढली. माणसाचं तोंड बंद ठेवायचा तो जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर उठायच्या आत मी निघाले. फाट्याच्या डाव्या वळणावर फूटरेस्ट डांबराला घासला, खर्रकन. मिस्त्रीचं तेवढं बरोबर होतं. पुढचं प्रत्येक वळण बैलगाडीच्या वेगाने घेतलं. नाला ओलांडला, चढण चढले आणि सगळ्यांत लांबच्या गावात, जिथे रात्री व्यालेल्या एका म्हशीचा जार अजून पडला नव्हता, तिथे गाडी थांबवली. पाय टेकवला. गुडघा कुरकुरला, पण सरळ झाला, आणि मी उभी राहिले.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, कुठे आहात? ऑफिसात येताय ना आज?"

"नाही. डोंगराच्या पायथ्याशी आहे, म्हैस बघतेय. बिल्ल्यांच्या नोंदी त्या नव्याला द्या, त्याला फोनवरचं काम छान जमतं."

फोन पिशवीत टाकला, गरम पाणी मागितलं, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि म्हशीच्या मागे जाऊन उभी राहिले.