तक्रार नसलेला घाट

दादा गेला त्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालत होते. फोन मुक्ताचा होता. "आत्या, बाबा गए," ती म्हणाली. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि घरी आले.

दिवसकार्य आमच्या गावी, वाईलाच झालं. त्यानंतरच्या थंडीत मुक्ताने मला लखनौला बोलावलं. तिचं एक काम अडलं होतं. दादा तिथल्या एका संस्थेत पाण्याचा अभ्यास करायचा. निवृत्त झाल्यावर बापलेकीने मिळून पॉडकास्ट (मोबाइलवर हवा तेव्हा ऐकायचा कार्यक्रम) सुरू केला होता. नदी घाण कोण करतं आणि त्याचा त्रास कोणाला होतो, हा विषय. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या वाईत पॉडकास्ट हा शब्द मलाच लोकांना समजावून सांगावा लागे. गोमतीकाठच्या धोब्यांवरचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता आणि तो झाल्याशिवाय मालिका बंद करायची नाही, असं मुक्ताने ठरवलं होतं.

चारबाग स्टेशनाबाहेर आले आणि मागे वळून पाहिलं. लाल-पांढरे घुमट, छत्र्या, मनोरे. स्टेशन कसलं, कुणा नवाबाने हौसेने बांधलेला बुद्धिबळाचा पट वाटत होता. मुक्ता स्कूटर घेऊन आली होती. माझी बॅग पायांत ठेवून तिने मला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरी आणलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, गच्चीगच्चीवर रजया वाळत घातलेल्या.

दुपारी तिने माझ्या कानांत हेडफोन घातले. दादाचा आवाज आला. बोलण्याआधी घसा खाकरायची सवय तशीच. मी काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग शब्द ऐकू येऊ लागले.

"चाचा, पानी की कोई तकलीफ़?" दादा विचारत होता.

"अल्लाह का करम है, साहब. आप तशरीफ़ लाए, यही बहुत है. चाय लीजिए."

"जी, बहुत शुक्रिया," दादा म्हणाला. पुढे बराच वेळ बशांचे आवाज.

"तीन बार गए बाबा," मुक्ता म्हणाली. "हर बार यही. मेहमान के सामने शिकायत नहीं करते वो लोग. और बाबा दुबारा पूछते नहीं थे. अब बताओ आत्या, मैं दुआओं का एपिसोड कैसे निकालूँ?"

मला हसू आलं. तीस वर्षांत दादा पुरता लखनवी होऊन गेला होता. वाईचा माणूस तिथल्या तिथे म्हणाला असता, "चहा राहू द्या, पाण्याचं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौक नावाच्या जुन्या बाजारात गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून रिक्षा आली तर दुकानाच्या पायरीवर चढायचं. एका ठेल्यावर मक्खन मलाई (थंडीतच मिळणारा, केशर घातलेला दुधाचा गोड फेस) घेतली. तोंडात घालते तोवर विरघळली आणि थोडी नाकाला लागली. "दीदी, नाक का पैसा अलग नहीं लेंगे," ठेलेवाला म्हणाला. पुढच्या दुकानात चिकनचा (लखनौचं पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम) एक कुडता घेतला. दुकानदाराने तो अत्तराच्या फायाशेजारी ठेवूनच बांधून दिला.

तिथून घाटावर. दोऱ्यांवर ओळीने चौकातल्या दुकानांचे चिकनचे कपडे. कापडावर आधी निळे ठसे छापतात, त्यावर भरतकाम होतं आणि शेवटी तो निळा रंग इथे धुऊन काढतात. हाशिमचाचा, दादाच्या रेकॉर्डिंगमधले तेच, खाटेवरून उठून उभे राहिले. त्यांची बायको नसरीनबाजी पाटावर कपडे आपटत होती. दादाचं कळल्यावर चाचांनी दोन्ही हात उचलून दुवा मागितली. मग मुक्ताच्या केसाळ टोपीवाल्या माइककडे पाहून म्हणाले, "बिटिया, ये गिलहरी काटती तो नहीं?" गिलहरी म्हणजे खार.

मुक्ताने प्रश्न विचारला. उत्तर तेच: करम है, चाय लीजिए.

चहा येईपर्यंत मी पिशवीतला कुडता काढून पाहत बसले. अत्तर उडून गेलं होतं. नाकाशी धरला आणि मनात आलं ते बोलून मोकळी झाले. "चाचा, ये कपड़ा बराबर नहीं धुला. इसको बास आता है."

मुक्ताने माझ्या मांडीला चिमटा काढला. घाटावरचे आपटण्याचे आवाज थांबले.

"बू?" नसरीनबाजी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हमारी धुलाई में बू?"

"अरी, मेहमान हैं!" चाचा घाबरले.

"मेहमान हैं तो क्या नाक घर छोड़ आई हैं? लाइए इधर." त्यांनी कुडता हुंगला आणि थेट माइककडे वळल्या. "उस नाले से पूछिए! ऊपर की कोठियों का सारा गू-मूत यहाँ आता है. हमारी सास इसी पानी में धोती थीं और इसी में रोज़ा खोलती थीं. अब गर्मी इतनी लंबी कि नदी सूख के नाला हो जाती है, और नाला नदी. ये उँगलियाँ देखिए, नमक नहीं छू सकती मैं. और अफ़सर आते हैं तो कहते हैं, धोबी गंदा करते हैं, घाट हटाओ. नाला हटाने को कोई नहीं कहता!"

"तूने कभी बताया नहीं," चाचा हळूच म्हणाले.

"आप मेहमानों को चाय पिलाने से फ़ुर्सत पाते तब न!"

बाकीच्या बायका हसल्या आणि एकेक करून पुढे आल्या. कुणी मुलांच्या अंगावरचे फोड सांगितले, कुणी उन्हाळ्यात कामाशिवाय गेलेले आठवडे. मुक्ता माइक धरून जागची हलली नाही. मध्येच नसरीनबाजींनी घरून भरून आणलेला नळाच्या पाण्याचा डबा बादलीत उपडा केला आणि माझा कुडता धुवायला घेतला. ते पिण्याचं पाणी होतं. मी नको नको म्हणत राहिले.

"चुप बैठिए," त्या म्हणाल्या. "घाट की इज़्ज़त का सवाल है."

सगळं संपल्यावर मुक्ताने विचारलं, हे लोकांना ऐकवलं तर चालेल का?

"नाम लेके सुनाना," नसरीनबाजी म्हणाल्या.

"और मेरी दुआ मत काटना," चाचा म्हणाले.

परतताना मुक्ताने स्कूटर निशातगंजच्या गर्दीत थांबवली. "आपने जान-बूझकर किया न?"

"नाही गं. खरंच वास येत होता."

ती इतकी हसली की मागचा टेम्पोवाला भोंगा वाजवायचं विसरला. मग तिने डोळे पुसले. मीही पुसले.

परतीच्या गाडीत वाटलं, दादाला हे जमलं नसतं. पण तीनदा जाऊन त्याने चहा प्यायला होता, म्हणून माझा उद्धटपणा त्या घाटाने ऐकून घेतला. आधी कुणी आदराने बसलं नसतं, तर बाजींनी कुडता माझ्या हातात परत दिला असता आणि बोलणं तिथेच संपलं असतं.

शेवटचा भाग निघाला. त्यात आधी दादाचा आवाज आहे, मग चाचांची दुवा आणि मग नसरीनबाजी. घाट अजून तिथेच आहे. नाला अजून वाहतो आहे.