सारजाबाईचा हलका हात

चोपणवाडीत माणूस गेला की एकजण लाकडं बघायला सुटायचा, एकजण पाहुण्यांना फोन लावायचा आणि एकजण सारजाबाईच्या वस्तीवर मोटरसायकल पळवायचा. शेळगावच्या अलीकडं, कालव्याच्या दोन्ही अंगांना उसात बुडालेलं हे गाव. इथं सरपंच उशिरा आला तर चालायचं, पण सारजाबाई आल्याखेरीज तिरडी उचलत नसत. मागं राहिलेल्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी आणि डोरलं काढायचं, हे काम तिचं होतं.

हे काम सवाष्णीनं करायचं नसतं. विधवेनंच दुसरीला विधवा करायची, अशी सोयीची वाटणी आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. पुरुष तेवढा वेळ बाहेर बांबूला सुतळी गुंडाळत बसतात. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं म्हणे. एरवी चहाच्या कपाचा आवाज त्यांना ओसरीवर ऐकू येतो, पण हे काही ऐकू येत नाही.

सारजा स्वतः बाविसाव्या वर्षी या वाटेला लागली. तिचा नवरा सोनबा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता. तिकडून तापानं फणफणत आला आणि आठवड्यात गेला. तेव्हा सारजाला दिवस गेलेले. अंगणातल्या दगडावर दोघींनी तिचे हात दाबून धरले आणि एका म्हातारीनं वरून धोंडा घातला. काच मनगटात घुसली. सारजा अशी ओरडली की रस्त्यानं चाललेली एसटी थांबली, असं गावात अजून सांगतात. एसटी थांब्यावरच थांबली असणार, पण ती ओरडली हे खरं. डाव्या मनगटावर तो वण अजून आहे.

पुढं मुलगी झाली. तिचं नाव स्वप्नाली. बारशाला सारजाला आपल्याच लेकीच्या पाळण्याची दोरी धरू दिली नाही. अपशकुन नको म्हणून शेजारणीनं धरली. सख्ख्या भावाच्या लग्नात तिला मांडवामागं भाकरी थापायला बसवलं. मंगलाष्टकं तिनं तव्यापुढं बसून ऐकली आणि भाकरी करपली म्हणून वर बोलणी खाल्ली.

मग ती धोंडा घालणारी म्हातारी एकदाची मेली. पुढच्या मयताला कुणीतरी हवं म्हणून सारजाला बोलावणं आलं. तिला आपलं मनगट आठवलं. तिनं एक फडकं ओलं केलं, विधवा झालेल्या पोरीच्या हाताभोवती गुंडाळलं आणि वरून छोट्या दगडानं हलकेच टिचकी मारावी तसं मारलं. काच फडक्यातच राहिली. रक्त नाही, आरडाओरडा नाही. पोर नुसती हुंदके देत राहिली. बाहेर पुरुषांनी सुस्कारा टाकला, की बरं झालं, निभावलं नीट. त्या दिवसापासून सारजाची सारजाबाई झाली.

आणि खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायला लागलं. निरोप आला की ती धुवट लुगडं नेसायची, फडकं कंबरेला खोचायची आणि निघायची. अंगणात पाऊल टाकलं की बायका बाजूला सरून वाट द्यायच्या. हळदीच्या मांडवात जिची सावली नको, तिला मढ्याच्या अंगणात मान होता. माणसाला एकच दार उघडं ठेवलं की तो त्याच दारातून जातो. मग ते कुठलं दार आहे हे बघायची ऐपत त्याला राहत नाही.

स्वरूपाचं तेवढं तिच्या मनात कुठंतरी अडकून राहिलं होतं. स्वरूपा म्हणजे अंगणवाडीत शिकवणारी, बारामतीच्या कॉलेजात शिकून आलेली सून. नवरा काविळीनं गेला तेव्हा ती सारजाच्या पाया पडली.

"मावशी, दोन दोन तरी राहू द्या हातात. माझं पोरगं लहान हाय, ते भ्यायचं."

"मला कुणी ठेवल्या हुत्या?" सारजा म्हणाली आणि फडकं पिळलं.

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. जगाची रीत सांगावी तसं सांगितलं होतं. हात नेहमीसारखाच हलका ठेवला, म्हणजे आपण उपकारच केले अशी तिची समजूत.

मग विधवा प्रथा बंद करायची हवा सुटली. चोपणवाडीनं ठराव केला आणि वेशीवर निळी पाटी ठोकली. शाळेच्या पटांगणात मांडव घालून गावातल्या साऱ्या विधवांना खुर्च्यांवर बसवलं. सरपंच माधवीताईंनी एकेकीला कुंकू लावलं, सारजाबाईला सगळ्यांत आधी. फोटो पेपरात आला. त्यात माधवीताई हसत आहेत आणि सारजा डोळे मिटून बसली आहे, दवाखान्यात सुई टोचून घेताना बसतात तशी.

घरी आल्यावर स्वप्नाली म्हणाली, "आये, पुसू नगं. छान दिसतंय तुला."

सारजानं दिवस मावळेपर्यंत ते ठेवलं. पाण्याच्या हंड्यात दोनतीनदा वाकून बघितलं. मग पुसलं.

त्यानंतर गावातल्या एकाही हळदीला तिला बोलावणं आलं नाही. मयताचंही थांबलं. ठरावानं तिचं होतं ते एक दार बंद केलं आणि दुसरं कुणी उघडलं नाही. पण चारसहा महिन्यांत गावाचं धाडस संपलं. परसदारानं एकजण येऊन हळूच म्हणाला, "बाई, चला जरा. गाजावाजा नगं." ठराव वेशीवर राहिला आणि रीत परसातून घरात आली. माधवीताईंना हे माहीत होतं. त्या अशा घरी दुसऱ्या दिवशी भेटायला जायच्या.

स्वप्नाली मात्र भांडायची. तिला गावातच दिली होती, डोळ्यासमोर राहावी म्हणून. जावई रणजित बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. गरीब स्वभावाचा, सासूला न मागता औषध आणून देणारा.

"आये, तू आता जाऊ नगंस. पाप हाय ते."

"म्या न्हाय गेले तर दुसरी जाईल. ती धोंडा घालंल. माझा हात तरी हलका हाय."

या उत्तरावर स्वप्नालीला बोलता यायचं नाही. सारजाला स्वतःलाही त्यापुढं विचार करावा लागायचा नाही, आणि त्याचसाठी तिला ते उत्तर प्रिय होतं.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला त्या दिवसांत रणजित पहाटे पाळी सुटून मोटरसायकलवरून येत होता. पुढं उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा, ना लाल पट्टी. तो तसाच आत घुसला. ट्रॉली कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. ऊस तुटायचा होता आणि प्रत्येकाला आपला ऊस आधी जायला हवा होता.

दुपारी दवाखान्यातून देह घरी आणला. स्वप्नाली भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तिची छकुली. काय झालंय ते पोरीला कळत नव्हतं. ती आईच्या हिरव्या बांगड्या वर सरकवायची, खाली सोडायची. सारजा लेकीच्या शेजारी बसली होती आणि तिला एकच दिसत होतं, ते हात. बाकी जग गेलं तरी चालेल, पण ते हात असेच राहायला हवेत, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

रणजितची आई भागूबाई पोराच्या अंगावरून उठली. तिचा नवरा हयात होता, म्हणजे तिनं हात लावायचा प्रश्न नव्हता.

"विहीणबाई, आता आटपा," ती म्हणाली. "ऊन कलतंय."

"म्या न्हाय," सारजा म्हणाली.

"न्हाय म्हंजी?"

"गावात ठराव झालाय. वेशीवर पाटी हाय. कुणाच्याबी बांगड्या फोडायच्या न्हाईत."

मग मागून कुणीतरी बोललं, "बया! आता आठवला व्हय ठराव?"

दुसरी म्हणाली, "माझ्या येळंला पाटी न्हवती का वो, सारजाबाई?"

पाटी होती. सारजा तिच्याखालूनच गेली होती, परसदारानं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. सारजाचं तर आधीच जळून झालं होतं, तरी दुसऱ्याचं जळताना तिला ते कळलं नव्हतं. आता त्या साऱ्या जणी मोकळ्या हातांनी तिच्याभोवती बसल्या होत्या आणि कुणाच्याही डोळ्यांत दया नव्हती. का असावी?

अपघाताचं मयत म्हणून माधवीताई या वेळी त्याच दिवशी आल्या होत्या, दाराजवळ उभ्या होत्या. सारजानं त्यांच्यापुढं हात जोडले. "ताई, तुमी मला कुकू लावलं हुतं. तुमच्या हातानं. सांगा की ह्यांस्नी."

"मावशी, ठराव आहेच आपला," माधवीताई म्हणाल्या. "पण दुःखाच्या घरात जबरदस्ती कशी करायची? घरच्यांच्या भावना असतात."

घरचे म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. स्वप्नाली तिथंच बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. माधवीताईंनी पदर नीट केला आणि त्या बाहेर पुरुषांकडं गेल्या.

"आईच्यानं हुत नसंल तर दुसरी कुणीतरी उठा," भागूबाई म्हणाली. "स्वरूपे, तू ये."

सारजाच्या जिवात जीव आला. स्वरूपा शिकलेली, भोगलेली. ही नक्की नाही म्हणेल, चार गोष्टी सुनावेल.

स्वरूपा उठली. इतक्या वर्षांत चार बायकांत तिला नाव घेऊन कुणी पुढं बोलावलं नव्हतं. बायकांनी बाजूला सरून तिला वाट दिली. तिनं भिंतीकडचा दगड उचलला. तिच्या चेहऱ्यावर सूड वगैरे काही नव्हतं, आणि म्हणूनच सारजाला तिची भीती वाटली.

"मला तरी कुणी ठेवल्या हुत्या, मावशी?" ती हळूच म्हणाली.

स्वप्नालीनं त्या दगडाकडं बघितलं. छकुलीला मांडीवरून खाली ठेवलं आणि दोन्ही हात आईपुढं धरले.

"आये, तूच कर. तुझा हात हलका हाय. मला लागायचं न्हाय."

सारजाकडं फडकं नव्हतं. तिनं पदर फाडला आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवला. पुढचं हातांनी केलं. इतक्या वर्षांची सवय, डोळ्यांनी दिसेनासं झालं तरी हात चुकले नाहीत. काच ओल्या पदरात राहिली. कपाळ पुसलं, डोरलं काढलं, जोडवी काढली. लेकीच्या गोऱ्या मनगटावर एक ओरखडा नाही. ओरडणं नाही. बाहेर तिरडी तयारच होती.

"धन्य बाई," कुणीतरी कुजबुजलं. "पोटच्या पोरीचं करताना बी हात हालला न्हाय."

दहावा झाल्यावर सारजा लेकीला भेटायला गेली. स्वप्नाली गोठ्यात शेण भरत होती. छकुली आईच्या उघड्या हातांना हात लावायला तयार नव्हती. ती आजीला येऊन चिकटली.

"आये," स्वप्नाली मान वर न करता म्हणाली, "लागलं असतं तर बरं झालं असतं गं. मी वराडले असते. त्या बाप्यांस्नी ऐकू गेलं असतं. तू कुणालाच वराडू दिलं न्हाईस."

सारजा छकुलीला खाली ठेवून वस्तीवर निघाली. आपण ओरडलो होतो, गावानं ऐकलं होतं, हे तिला रस्ताभर आठवत होतं.

शिमग्याच्या आधी गावात एक तरुण गेला. बायको लग्न होऊन आलेली नवी पोर. सारजाला बोलावणं आलं. ती गेली आणि फडकं घरीच ठेवून गेली. पोरीचे हात दगडावर धरले, वरून धोंडा घातला. पोर किंचाळली. मनगटातून रक्ताची धार लागली. आणि खरोखरच, आजवर कधी झालं नव्हतं ते झालं: बाहेरचे पुरुष धावत आत आले.

"ऐकू आलं न्हवं?" सारजा त्यांच्याकडं बघत म्हणाली. "ऐकू आलं न्हवं तुमास्नी?"

त्यांनी रक्त बघितलं. मयताचा चुलता पुढं झाला. थांबवा हे, असं तो म्हणेल म्हणून सारजा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हातारे, डोकं फिरलं का तुझं?" तो ओरडला. "जरा हळू की! जनावर हाय का ते?"

जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. एकानं हळद आणून पोरीच्या मनगटावर दाबली, दुसऱ्यानं सारजाला दंडाला धरून बाहेर काढलं. लेकीच्या दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली, असं ठरलं. उरलेल्या बांगड्या कुणीतरी काढून घेतल्या.

पुढचा माणूस गेला तो सारजाच्या वस्तीशेजारीच, मधे उसाचं एक रान. मोटरसायकल तिच्या दारावरून न थांबता गेली आणि स्वरूपाला मागं बसवून आली. सारजा उंबऱ्यात बसून कान देऊन राहिली. त्याची बायको तरी ओरडेल, तिला वाटत होतं. उसाच्या पात्यांची सळसळ येत होती, कुणीतरी बांबूवर सुतळी ओढत होतं. थोड्या वेळानं तिरडी निघाली.

परतताना बायका तिच्या अंगणावरून गेल्या. एक दुसरीला सांगत होती, "स्वरूपाचा हात बी लई हलका हाय. फडकं घरनंच भिजवून आणलं हुतं तिनं."