मांडे ऐकू येण्यासाठी

बायकोचा मांडे करतानाचा पहिला व्हिडिओ आम्ही तिच्या माहेरी, खानदेशात पाठवला. सासूबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. व्हिडिओत ऐकू येत होता तो फक्त इथल्या, सिल्वासात डोकमर्डीतल्या आमच्या गच्चीमागच्या कारखान्याचा पंखा. मेहुण्याचा फोन आला.

“ताई, माय म्हणते, पंखा झकास आहे. पण तू कुठे आहेस?”

गलोंड्याच्या ज्या कारखान्यात ती पॅकिंगला आहे तिथे आखाजीला, म्हणजे लेकींनी माहेरी जायच्या अक्षय्य तृतीयेला, सुट्टी नव्हती. माहेरी जाणं होणार नव्हतं, म्हणून निदान तिचा आवाज तरी आईच्या कानावर नीट पडावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी आम्ही सिल्वासाच्या बाजारात माइक घ्यायला गेलो.

दुकानदाराने तीन प्रकार काढले. पहिला लांब, फोनवर बसणारा; तो समोरचं सगळंच ऐकायचा, रस्त्यावरचा टेम्पोही. दुसरा कॉलरला लावायचा, पण त्याला वायर होती. मांडा कोपरापर्यंत हातांवर फिरवून मोठा करतात. वायर पिठात नाही तर चुलीत जाणार हे उघड होतं. तिसरा बिनवायरचा. बोटाएवढा एक तुकडा बोलणाऱ्याच्या अंगावर, दुसरा फोनला.

मी तिन्हींची माहितीपत्रकं वाचायला घेतली. दुकानदाराने मात्र तिसऱ्याचा एक तुकडा बायकोच्या पदराला लावला आणि दुसरा दुकानातल्या स्पीकरला जोडला.

“बेन, बाहर जाके कुछ भी बोलो.”

ती रस्ता ओलांडून रसाच्या गाडीपाशी गेली. थोड्या वेळाने स्पीकरमधून तिचा आवाज दुकानभर पसरला.

“भाऊ, दोन रस. बर्फ कमी. आमचे साहेब आत बसलेत. आधी पेपरात होते ना, माइक घेतानाही सगळ्या बाजू ऐकून घेतात.”

“मग निकाल कधी?” रसवाल्याचा आवाजही आला, जरा लांबून.

“दुकान बंद व्हायच्या आत लागला तर नशीब माझं! लग्नासाठी मला बघायला आले तेव्हाही असंच. माझ्या मामांना विचारलं, आत्यांना विचारलं, शेजारणीलाही विचारलं. मलाच तेवढं विचारायचं राहिलं.”

चार्जर घ्यायला आलेल्या बाई काउंटरला धरून हसू लागल्या. दुकानदाराने आवाज आणखी वाढवला. मी माहितीपत्रक खाली ठेवलं.

ती दोन ग्लास घेऊन परतली. “सगळे का हसताय?”

“बेन, बर्फ कम है ना?” दुकानदार म्हणाला.

तिने पदराकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. ती अशी हसली की स्पीकर फाटतो की काय असं वाटलं. माइक अजून चालूच होता. मी पैसे दिले.

आखाजीला, ती कामावर जाण्याआधी, गच्चीवर पुन्हा चूल मांडली. पहिल्या चाचणीत मंगळसूत्राचे मणी माइकवर गारांसारखे वाजले. माइक अंबाड्यात खोचला, तेव्हा कुठे आवाज स्वच्छ आला. पंखा मागे राहिला. मांडा हातांवर थापला जातानाचे फटके, खापरावरची चर्र आणि ती.

सकाळीच व्हिडिओ गेला. दुपारी फोनवर मेहुण्याला बोलता येईना इतकं हसू येत होतं. सासूबाईंनी फोन कानाला लावला होता. हा व्हिडिओ आहे, कॉल नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “जेवनी का वं?” नेमकं त्याच क्षणी व्हिडिओतली बायको म्हणाली, “आता बसतो आम्ही जेवायला.”

“बस, बस,” सासूबाई म्हणाल्या आणि समाधानाने फोन परत दिला.

त्यानंतरच्या व्हिडिओंत बायको दोन वाक्यांमध्ये जरा थांबते. मोकळी जागा दिसली की कापायची, ही माझी वर्तमानपत्रातली सवय. ह्या जागा मी कापत नाही.