गाडीची प्रदक्षिणा

१९८४, श्रावणातला एक रविवार. काम: ओल्या रस्त्यावर गाडीचे ब्रेक तपासणे.

आमच्या ह्यांनी आमच्या मोटारीच्या जुन्या टायरांवर नवं रबर चढवून आणलं होतं. गणपतीला त्याच गाडीतून सासूबाईंना मालवणला न्यायचं होतं. "झील माका गाडयेतसून गावाक व्हरतलो!" असं त्या लेकाच्या कौतुकानं मुंबईतल्या आमच्या निम्म्या नाहूरला सांगून बसल्या होत्या. पण घाटात टायर घसरले तर? मी म्हटलं, आधी चाचणी.

घराजवळच्या कारखान्याच्या भिंतीमागचा रस्ता रविवारी ओस असायचा. तिथे मी रांगोळीची जाड रेघ ओढली. रेघेवर ब्रेक दाबायचा, पंधरा पावलांत गाडी थांबली पाहिजे. रेघेच्या टोकांना दोन कमळं काढली. (हात वळतोच, काय करणार!)

कमळं बघून शेजारच्या देसाईकाकू धावत आल्या.

"गाडीची पूजा आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"पूजा नाही हो, ब्रेक बघतेय."

"बघ की, पण ओवाळून बघ!"

दहा मिनिटांत सहा बायका निरांजनं घेऊन फुटपाथवर हजर!

हे म्हणाले, "मी चालवतो."

"टायर तुम्ही आणलेत, तुम्ही त्यांना पासच करणार! उतरा."

सासूबाई मागच्या सीटवर. "मी उतरूचंय नाय!"

रेघ आली. मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. आवाज नाही, धक्का नाही. काचेतून भिंत सावकाश सरकत गेली, मग पावसानं चिंब कदंब, मग सहा इवल्या ज्योती, मग आ वासलेले हे, मग पुन्हा भिंत. ढगात बसून कुठेतरी निघालोय, कसलीच घाई नाही, असं वाटत होतं. कुकर लावायचाय हेसुद्धा विसरले!

गाडी गवतात टेकली. देसाईकाकू भारावल्या. "स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली गं तिनं!" बॉनेटवर कुंकूही लागलं.

"थांबलंस कित्याक? आणखी एकदा फिरव गो!" मागून सासूबाई.

हे वाकून म्हणाले, "नापास कोण? टायर की तू?"

"टायर!" मी ठणकावलं. "आई, ह्या गाडीनं जायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. "मग लोकांका काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर गेले आणि मालवणच्या लक्झरी बसची तिकिटं मागितली. सासूबाईंना अगदी पुढची सीट. पैसे देण्याआधी वाकून बसचे टायर बघितले. हुबेहूब आमच्यासारखेच, नवं रबर चढवलेले!

तरी बिनधास्त तिकिटं काढली. ती बस मी चालवणार नव्हते ना!