गहू वीतभर असताना

मागच्या मार्गशीर्षात मी एक महिना फक्त आपल्या तापीकाठचं आणि त्याच दिवसांत शेतातून निघालेलं खायचं ठरवलं. शाळेत मी विज्ञान शिकवते. हंगामाचं खा, जवळचं खा, असं वर्गात सांगत होते, तर एक पोरगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही खाता का?" आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बोललेलं करून दाखवायची खोड तेव्हापासूनची. त्याच संध्याकाळी तांदूळ आणि चहापत्ती वरच्या फळीवर गेली. मीठ तेवढं माफ केलं. ते काही इथं जवळ खकनारला पिकत नाही.

पेच गव्हाचा होता. बहादरपूरला माझ्या माहेरच्या शेतात गहू होतो, पण मार्गशीर्षात तो वीतभर असतो. कोठीतला गहू चैत्रातला, म्हणजे नियमात बसत नाही. ज्वारी नवी निघाली होती, म्हणून रोज भाकर. सोबत हिरव्या वांग्याचं भरीत, मेथी, तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे. केळीचं तर विचारायलाच नको.

"गवती चहा पाजून माणसाला ऑफिसात पाठवता, मॅडम, ये तो जुल्म है," नवरा रोज म्हणायचा. भरीत मात्र दोनदा वाढून घ्यायचा.

भाकर थापता थापता कॉलेजचे दिवस आठवत. मी गावाहून सायकलनं यायची. घरात सगळे ज्वारीची भाकर खात, पण माझ्या डब्यात गव्हाच्या पोळ्या. आईचा तो हट्टच होता. "शहरातल्या पोरींत बसते तू. भाकर काढशील तर मान खाली घालशील." सगळ्यांच्या आधी उठून ती माझ्यापुरत्या तीन पोळ्या लाटायची. अजूनही कुणी भेटलं की सांगते, "माझ्या पोरीच्या डब्यात एक दिवस भाकर गेली नाही."

खरी गोष्ट वेगळीच होती. कॉलेजमागच्या कडुलिंबाखाली माझ्यासोबत खकनारकडची एक मैत्रीण बसायची. तिच्या डब्यात कळण्याची भाकर असे, ज्वारीत उडीद दळून केलेली, वर ठेचा आणि कच्च्या तेलाची धार. पहिल्याच आठवड्यात आम्ही डबे बदलले, आणि ते तीन वर्षं बदलत राहिलो. तो ठेचा खाऊन नाक पुसत वर्गात पळणं, त्यासारखं सुख मला नंतर फार कमी मिळालं. घरी मात्र मी याचा एक शब्द काढला नव्हता.

महिन्याचे अठरा दिवस गेले होते. आदल्या आठवड्यात गावाहून वहिनी बाजाराला आली, तेव्हा माझ्याकडे जेवून गेली होती. गावी जाऊन तिनं काय सांगितलं कोण जाणे. रविवारी सकाळी रिक्षा थांबली आणि आई गव्हाच्या पिठाची गोणी घेऊन उतरली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"खरं सांग बाई, जावईबापूंची नोकरी आहे ना?"

"आहे की!"

"मग ताईंकडे रोज भाकरच असते, असं काहून म्हणते तुझी वहिनी?"

मला हसू आलं. मी सगळं समजावून सांगितलं. तोवर तिनं कणीक भिजवलीही होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"म्हणजे जे आम्ही तुझ्या डब्यात पडू दिलं नाही, ते तू शौकानं खाते. मग मी काय फालतू उठत होती पहाटे?"

ती पदराला हात पुसून उठायला लागली. गप्प बसले असते तर हेच मनात घेऊन ती गावी गेली असती. खरं सांगितलं तर तीन वर्षांच्या पोळ्या पाण्यात. तरी सांगितलं. कडुलिंब, मैत्रीण, सगळं.

आईनं परातीवर फडकं टाकलं.

"तीन वर्षं?"

"हो."

"उडीद अख्खे टाकायची का तिची आई, का डाळ?"

"अख्खे."

"तेच बरोबर." मग म्हणाली, "आणि ती पोरगी काय म्हणायची? मऊ राहायची का पोळी दुपारपर्यंत?"

"चार तुकडे करून खायची. शेवटचा तुकडा नुसता, भाजीशिवाय."

"राहणारच मऊ. दुधात भिजवत होती मी कणीक. तुझ्या बापालाही माहीत नव्हतं." आणि ती पुन्हा खाली बसली. लाटणं मागितलं, तवा तापवायला लावला. पहिली पोळी फुगली, तशी माझ्या ताटात टाकली.

"आता ही कुणाला देऊ नको."

मी खाल्ली. नियम त्या दिवशी मोडला, मोडू दिला. ती समोर बसून पाहत होती. डबा बांधून सायकलला लावून द्यायचा, तेवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. मला ती पोळी खाताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.