गादीवाल्याकडचे पुतळे

गादीत कापूस दाबला की मावतो. किस्से कितीबी दाबा, वर येतातच. नांदेडात माझं गाद्या भरायचं दुकान. पण चौक जवळ, म्हणून मोर्चात जाळायचे पुतळेबी माझ्याकडूनच भरून नेतात. कोणाचं काय बाहेर आलं, ते पेपरच्या आधी मला कळतं!

पहिला पुतळा मी चांगल्या कापसाचा केला. काडी लावली अन् भप्पकन संपला. व्हिडिओवाला अजून मोबाईल चालू करून राहिला होता! पुढारी तणतणत आले, "बाबा, मंत्री दोन मिनिटं तरी टिकायला पाहिजे होता!" तेव्हापासून गवत भरतो.

*

एकदा पुतळा न्यायला आलेले कार्यकर्ते दारातच थबकले.

"बाबा, मुंडकं तेवढं काढा. साहेब सकाळीच आपल्या पक्षात आले."

"अन् धड?"

"राहू द्या. कोणी ना कोणी लागंलच!"

*

पूर्वी लाच घेताना सापडलेला माणूस वर्षभर बाजारात तोंड दाखवत नव्हता. परवा एक साहेब जामिनावर सुटले, ते थेट दुकानात! मी त्यांचाच पुतळा शिवून राहिलो होतो. त्यांनी पुतळा मागून-पुढून न्याहाळला.

"बाबा, पोट जरा कमी करा. लोक स्टेटसला ठेवतात!"

*

हा किस्सा मात्र हसायचा न्हाई.

किनवटकडच्या चार पोरी आल्या. इथं एका वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. पुतळा पाहिजे होता तिथल्याच सरांचा. सरांनी अंगाला हात लावला, अशी तक्रार एकीनं पोलिसांत दिली होती. ती कोपऱ्यात ओढणी पिळत बसली.

"सर म्हणतात, त्या संध्याकाळी मी घरीच होतो," दुसरी बोलली. "उद्या त्यांची बायको तसं लिहून देणार. मग ही खोटी ठरंल. बाप हिचं शिक्षण सोडवून गावी नेणार हाय."

मी दाभण उचललं. तेवढ्यात सरांचा भाऊ मोटारसायकलवर आला. खाली उतरलाबी न्हाई.

"बाबा, गवत लई लवकर पेटतं. दुकानबी पेटतं."

तो गेल्यावर कोपऱ्यातली पोरगी पहिल्यांदा बोलली, "राहू द्या बाबा. माझ्यापायी तुमचं कशाला?"

"बस गं माय. एकच हात टाचायचा राहिलाय."

दाभण दोनदा बोटात घुसलं.

तोच दारात एक बाई उभी. एक पोरगी पुटपुटली, "सरांची बायको!" चौघी ताडकन उठल्या. मी मधे झालो.

"ताई, काय बोलायचं ते मला बोला."

तिनं पिशवीतून सरांचा शर्ट काढला. मी हात पुढं केला.

"पुतळ्याला न्हाई, बाबा."

मला ओलांडून ती कोपऱ्यात गेली. शर्ट त्या पोरीच्या हातात दिला.

"हा पोलिसांत दे. त्या दिवशी अंधार पडल्यावर हाच घालून घरी आले. तुटलेलं बटण मी अजून लावलं न्हाई."