पिटनवीमला मुलगी बघायला

आम्ही स्कॉटलंडला फिरायला गेलोच नव्हतो, मुलगी बघायला गेलो होतो. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. थोरला भाऊ एडिंबराला डॉक्टर होता. त्याचं पत्र आलं: इथल्या मॅगी नावाच्या नर्सशी लग्न करायचं आहे, तिचे वडील मासेमारी करतात, बाबांनी येऊन बघावं, आणि बाबा नाही म्हणाले तर विषय संपला. सोबत दोन तिकिटं. दुसरं माझं, कारण मी भोकरदनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो.

मायने परतूरची एक मुलगी मनात पक्की करून ठेवली होती. केदारखेड्याहून निघताना तिने बाबांना बजावलं, "पसंती सांगितल्याबिगर त्यांच्या घरी बिलकुल जेवायचं न्हाई. चहा घ्या. जेवलात की सोयरीक झाली, मंग मला तोंड दाखवू नका." आमच्याकडे रीतच तशी होती.

जालना, मनमाड, मुंबई, लंडन करत एडिंबराला पोचायला चार दिवस लागले. तिथून भावासोबत मॅगीच्या गावी, पिटनवीमला, बसने जायचं. किनाऱ्याची रेल्वे आम्ही जायच्या आधीच बंद पडली होती. तुम्ही जाणार असाल तर उजव्या खिडकीशी बसा. आधी खाडीवरचा लाल रेल्वेपूल दिसतो आणि मग समुद्र शेवटपर्यंत सोबत राहतो. दुसरी सूचना अनुभवाची: त्या वाऱ्यात धोतर नेसून धक्क्यावर उभं राहू नये. बाबा उभे राहिले. दोन हातांनी धोतर सांभाळावं की टोपी, हे ठरेपर्यंत टोपी गेली.

पिटनवीम म्हणजे लाल कौलांची, जाड भिंतींची घरं आणि खाली छोटंसं बंदर. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि बोटी चिखलात बसलेल्या. बाबा हळहळले. "यांच्याकडं बी दुष्काळ हाय रे." दुपारी पाणी परत आलं, बोटी डोलायला लागल्या, तेव्हा मात्र त्यांना राग आला. "सहा तासांत सुटला! आन् आपण दोन वर्षं खडी फोडली."

मॅगीचे वडील लालबुंद, गप्प माणूस. बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "शेती किती?" मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी हात समुद्राकडे फिरवला.

"एवढं सगळं?" बाबा म्हणाले. "इचार, सात-बारा कुणाच्या नावावर हाय?"

याचं इंग्रजी मला अजूनही जमलेलं नाही.

जेवणाची वेळ झाली तसे बाबा म्हणाले, फक्त चहा. मॅगीच्या आईने चहा दिला आणि त्यासोबत भाजलेला मासा. बाबांनी चहा घेतला. मग तिने पाव आणला, मग केक. बाबा चहाच पीत राहिले. माशाकडे बघायचंही टाळत होते, आणि हा माणूस पूर्णेतल्या माशांसाठी दोन कोस चालत जाणारा. नवऱ्या मुलाने मध्ये बोलायची रीत नव्हती; भावाचा चेहरा पडत चालला. मॅगीला काही कळेना.

पाहुण्यांना भूक लागावी म्हणून मॅगीच्या वडिलांनी आम्हाला गाडीत घालून शेजारची गावं दाखवली. क्रेलचं बंदर एवढंसं आहे, पण तिथे उकडलेला खेकडा मिळतो आणि तो खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. अँस्ट्रदरला तळलेला मासा आणि बटाटे कागदात बांधून देतात, वर व्हिनेगर. पुडा हातात आला तशी बाबांनी मला बाजूला घेतलं. "हे बाजारचं हाय का त्यांच्या घरचं?"

"पैसे त्यांनी दिलेत, बाबा."

"मंग घरचंच झालं." त्यांनी पुडा माझ्याकडे दिला. धाकट्या भावाला रीत लागू नव्हती, म्हणून मी दोन्ही पुडे संपवले. बाबा दुसरीकडे तोंड करून उभे होते.

संध्याकाळी घरी परतलो तर टेबलावर सार वाढलेलं: धुरावलेला मासा, बटाटा आणि दूध. मासा आणि दूध एकत्र! आमच्याकडे त्याने अंगावर कोड उठतं म्हणतात. बाबांनी हात जोडले. "चहा चालंल."

मॅगीची आई उभीच राहिली. तिचं इंग्रजी मला दिवसभर कळलं नव्हतं, पण हे ती सावकाश बोलली. म्हणाली, "आम्ही मासे धरणारे. माझ्या आजीच्या काळात शेतीवाले लोक आमच्या घरी जेवायचे नाहीत. तुम्हीही शेतीवालेच. आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का?"

मी बाबांना सांगितलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्याच्या आधी आणि नंतरही, गावातल्या किती जणांनी आमच्या घरचं पाणी घेतलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाबांनी आयुष्यात कुणालाही हा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर माहीत होतं.

त्यांनी वाटी पुढे ओढली आणि चमचा बाजूला ठेवून ती तोंडालाच लावली. एक झाली, दुसरी झाली. तिसरी मागताना म्हणाले, "सांग तिला, जल्दी वाढ म्हणावं. सकाळपासून उपाशी हाय." भाऊ रडायला लागला. मॅगीला वाटलं, सार फार गरम आहे.

महिन्याने केदारखेड्याला परतलो. मायने पाण्याचा तांब्याही दिला नाही. "जेवलात?"

"तीन वाट्या," बाबा म्हणाले.

ती उंबऱ्यातच बसली. मग बाबांनी त्या बाईने काय विचारलं ते सांगितलं. माय बोटाने जमिनीवर रेघा ओढत राहिली. मला वाटलं, परतूरची मुलगी आठवत असेल.

तो समुद्र, ती बंदरं आता पुसट झालीत. मायचं पुढचं बोलणं मात्र कानात तसंच आहे. ती ताडकन उठली, बाबांवर इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "आन् तुमी दिवसभर त्या बाईला तसं वाटू दिलं?"